उलटे वेढे

तिने तिसरा चाकू उघडला आणि कडेवरच्या मुलीने नेमका पात्याकडेच हात नेला. तिने कंबर वळवून मुलीला काउंटरपासून लांब केलं आणि डाव्या हाताने पातं मिटून बघितलं. मिटेना. मुठीच्या टोकाचं पितळी कडं फिरवल्याशिवाय हा चाकू मिटत नव्हता, आणि कडं फिरवायला दुसरा हात लागत होता. दुसऱ्या हातात मूल होतं.

“हा नको.”

“अहो, पण मूठ तर बघा,” दुकानाच्या काकू म्हणाल्या. “अक्रोडाचं लाकूड आहे. एकदा हातात घेतला की खाली ठेववत नाही.”

“दिसायला छानच आहे. पण एका हाताने उघडायला हवा. आणि मिटायलाही.”

“मग मूल कडेवर ठेवूनच बघा सगळे. याहून चांगली परीक्षा मी कसली घेणार?”

दुकान अरुंद होतं आणि तेलाचा वास येत होता. काचेखाली हिरव्या कापडावर घडीचे चाकू ओळीने ठेवलेले होते, काही उघडे, काही मिटलेले. काकूंनी स्वेटरच्या बाह्या वर सारल्या होत्या. बघून नाकारलेले चाकू त्या एका बाजूला मांडत होत्या, कोणालाही वाईट वाटू नये अशा बेताने.

पहिला लाल प्लॅस्टिकच्या मुठीचा होता. स्वस्त, हलका, डोळ्यांत भरणारा. तिने पातं उघडून बोटाने जरा हलवलं, तर ते खिळीपाशी डुललं. ती दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये काम करायची. डुलणारी वस्तू तिला चालत नसे. दुसऱ्याच्या पोटातून कात्री निघाली, बाटली उघडायचा आकडा निघाला, स्क्रू पिळायचं टोक निघालं, आणि शेवटी दात कोरायची काडीसुद्धा. मुलगी या चाकूवर बेहद्द खूश झाली.

“हा सहलीला न्यायचा,” काकू म्हणाल्या. “याने सगळं होतं. म्हणजे नीट असं काहीच होत नाही.”

चौथा मात्र तिला आवडला. पात्याला अंगठा अडकेल एवढं गोल भोक होतं. अंगठा सरकवला की पातं गोल फिरून उघडायचं आणि ‘टक्’ करून बसायचं. पाठीवरचा खटका दाबला की मिटायचं. तिने दोनदा उघडला, दोनदा मिटला. मुलगी त्या ‘टक्’कडे कान लावून बघत राहिली.

“पोलाद साधं आहे बरं का,” काकू म्हणाल्या. “चकचकीत राहणारं नाही. काळं पडेल. पडू दे. धार मात्र धरून ठेवतं. वापरून झालं की पुसायचं आणि तेलाचं बोट फिरवायचं. चकचकीत पोलादाला रोज आंजारायला गोंजारायला लागत नाही, पण ते ऐनवेळी बोथट निघतं.”

“काही माणसांसारखं.”

“मी नाव घेतलं नाही हं कुणाचं.” काकूंनी आतल्या खोलीकडे एक नजर टाकली. आतून कुणीतरी खोकलं. दोघी हसल्या. “पण तुम्हाला कापायचंय काय? फळं? दोऱ्या? खोकी?”

“कलमं करायचीत.”

काकूंचा हात हवेतच थांबला.

“कलमं! आणि मी मघापासून तुम्हाला भाजी चिरायचे चाकू दाखवतेय! आधी नाही का सांगायचं?” त्यांनी चौथा चाकूही तिच्या हातातून घेऊन नाकारलेल्यांत ठेवला आणि खाली वाकून एक खण ओढला. “आणि तुम्ही डावऱ्या ना?”

“हो. पण…”

“मग या सगळ्यांतला एकही कामाचा नाही. हा बघा, आणि हा. दोनच आहेत. फार कोणी मागत नाही.”

त्यांनी दोन चाकू कापडावर ठेवले. नेहमीच्या चाकूला दोन्हीकडून उतार असतो, त्या सांगू लागल्या, पण कलमाच्या चाकूला एकाच बाजूने. दुसरी बाजू आरशासारखी सपाट. ती सपाट बाजू काडीला टेकून गेली की काप सरळ येतो. “आणि तो उतार उजव्या हाताच्या माणसाच्या हिशोबाने दिलेला असतो. तोच चाकू डाव्या हातात धरला की सपाट बाजू जाते वर आणि उतार येतो लाकडाकडे. मग पातं आत घुसतं, वर येतं, पुन्हा घुसतं. कापावर लाटा उमटतात. हात कितीही चांगला असू दे.”

तिने त्यातला एक चाकू उचलून पात्याच्या सपाट बाजूवर अंगठा ठेवला. तो थंड होता. बराच वेळ तिने अंगठा उचलला नाही.

“काय झालं?”

“काही नाही. मला नकोय, वडिलांना हवाय.”

“ते डावखुरे आहेत?”

“आता झालेत,” ती म्हणाली. “पानगळ व्हायच्या सुमारास त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं.”

काकूंनी मान हलवली आणि दुसराही चाकू तिच्यापुढे सरकवला. दोन चाकूंतला एक साधा होता, पातळ पातं, नखाने उघडायचा. स्प्रिंग इतकी घट्ट की तिचं नख दुमडलं. दुसरा जड होता. त्याच्या पात्याला अंगठ्यासाठी छोटी घुंडी होती, आणि मुठीच्या मागच्या टोकाला साल उचलायची पितळी जीभ. तो एका हाताने उघडला, एका हाताने मिटला, आणि तिने पातं बोटाने हलवून बघितलं तेव्हा तसूभरही हललं नाही.

“हा महाग असेल.”

“आहे. पण हा तुमची ही भवानीसुद्धा वापरील मोठी झाल्यावर. काडी कापून बघता का? बरणीत ठेवल्यात मी त्याचसाठी.” काकूंनी बरणीतली एक काडी पुढे केली. ती तिच्या हातात पोचण्याआधीच मुलीने धरली आणि तोंडात घातली. मग काडी सोडवणं, रडणं, हुंदके, नाक पुसणं यातच वेळ गेला. कापून बघायचं राहिलं. तिने तो जड चाकू बांधून घेतला.

*

बाबांच्या रोपवाटिकेत एक रीत होती. कलम बांधलं की ज्याने बांधलं त्याचा हात जोडावर गुंडाळलेल्या पट्टीवर दिसला पाहिजे. कोणी शेवटी गाठ मारायचं, कोणी टोक खाली खोचायचं, कोणी दोन पदर घेऊन दुमडायचं. वर्षभराने कुंड्यांमधून फिरताना बाबा नुसत्या पट्टीकडे बघून सांगायचे, हे माझं, हे अमक्याचं. जगलेलं कलम कुणाचं आणि मेलेलं कुणाचं, हे तिथे लपत नसे.

लहानपणी तिच्या पट्टीचे वेढे उलट्या दिशेने पडायचे. ती डाव्या हाताने गुंडाळायची, त्याला काय करणार? उलट्या वेढ्यांची कलमं एकामागून एक वाळत गेली. बाबा कधी ओरडले नाहीत. तिच्या कापलेल्या काड्या उजेडात धरून बघायचे, त्यांवरून अंगठा फिरवायचे आणि टोपलीत टाकायचे. तिने उजव्या हातानेही करून बघितलं; त्या काड्या तर दाखवण्यासारख्याही नव्हत्या. एका दुपारी बाबांनी त्यांचा चाकू तिच्या हातातून घेतला, मिटला आणि खिशात ठेवला. “तुझा हात कलमाचा नाही गं,” असं म्हणून त्यांनी तिच्या डोक्यावर थोपटलं होतं. मायेनेच म्हणाले होते. त्या मायेपुढे तिला भांडताही आलं नव्हतं.

पुढे तिचा हात कवळ्यांत रमला. मेणावर दाताची कड कोरताना तिचा हात हलत नसे. लॅबमधले लोक अवघड जबडे तिच्याकडे सरकवायचे. बाबा कौतुकाने लोकांना सांगायचे, “आमची कवळीवाली. मला दात पाडून घ्यायची घाई नाही, पण सोय झालीय.”

*

“इन्स्पेक्टर आले, इन्स्पेक्टर!” शेडच्या दारातून बाबांचा आवाज आला. नातीला ते इन्स्पेक्टर म्हणायचे, कारण घरात आल्याआल्या ती प्रत्येक कपाट उघडून तपासायची. आज तिने तपासणी थोडक्यात आवरली आणि थेट बाबांच्या खाटेवरचा रबरी चेंडू ताब्यात घेतला. बाबांनी उजव्या मुठीत दाबून दाबून बळ आणायचं, यासाठी तो डॉक्टरांनी दिला होता. 

“घेऊ दे तिला,” बाबा म्हणाले. “मला सुट्टी मिळते.”

“सुट्टीच चाललीय तुमची,” आई दारातून म्हणाली. मग लेकीकडे वळली. “तू जरा सांग यांना. सकाळपासून काड्या सोलत बसलेत. अर्धं झाड संपवलं.”

बाकाखाली कापून टाकलेल्या काड्यांचा ढीग होता. तिने तो बघितला, आणि बघितला नाही असं केलं.

झाड शेडच्या मागे होतं. नासपतीचं. ते कोणत्या जातीचं, हे बाबांनाही माहीत नव्हतं. त्यांना कलमं शिकवलेल्या वस्तादांनी लावलेलं, एवढंच ते सांगायचे. गिऱ्हाइकं त्याच्या फळाला ‘मागच्या झाडाची’ म्हणायची आणि ‘मागच्या झाडाची’च कलमं मागायची. देऊन देऊन संपली. रोपवाटिकेत त्याचं एकही उरलं नाही. करू, करू म्हणता राहून गेलं. आता खोड आतून पोखरलं होतं, बुंध्यावर आळंबी उगवली होती, आणि जिवंत म्हणावी अशी एकच फांदी राहिली होती. थंडी सरत आली होती. त्या फांदीचे डोळे फुगायच्या आत काड्या कुंड्यांतल्या रोपांच्या खुंटांवर बसायला हव्या होत्या. पुढच्या वर्षी फांदी असेलच असं कोणी सांगू शकत नव्हतं.

“पलीकडच्या बागेतल्या माणसाला बोलवू म्हटलं, तर नाही,” आई म्हणाली.

“तो यायचा तेव्हा डोळे फुटून पानं येतील. त्याचाही हंगाम आहे.” बाबा लेकीकडे न बघता म्हणाले, “आणि त्याने आपलं झाड का करावं?”

आई नातीला घेऊन अंगणात गेली. जाताना तिने लेकीला डोळ्यांनी खूण केली, तूच बघ आता.

तिने पिशवीतून पुडकं काढून बाकावर ठेवलं. बाबांनी ते डाव्या हाताने आणि दातांनी सोडवलं. चाकू बघून त्यांच्या भुवया वर गेल्या. घुंडीवर अंगठा ठेवून त्यांनी पातं उघडलं. एका हाताने. त्यांनी मिटलं आणि पुन्हा उघडलं, या वेळी कानाजवळ धरून. पातं गुडघ्याला टेकवून हलवून बघितलं. मुठीचे खिळे नखाने तपासले. जीभ उघडली, मिटली. उजव्या मनगटावरचे केस पात्याने अलगद उडवून बघितले आणि “हं” म्हणाले. मग पातं उजेडाकडे तिरकं धरलं, आणि तसंच धरून ठेवलं.

“ही उलटी धार आहे.”

“डाव्या हाताची आहे. तुमच्यासाठी आणलाय.”

“अशी मिळते?”

“मिळते म्हणे. फार कोणी मागत नाही.”

“अशी मिळते होय,” बाबा पुन्हा म्हणाले. या वेळी विचारल्यासारखं नाही.

ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या काड्यांतली एक त्यांनी काढली आणि उजव्या काखेत दाबून धरली. चाकू डाव्या हातात घेतला. पातं निघालं, अडकलं, सुटलं. कापावर पायऱ्या पडल्या होत्या. दुसरी काडी घेतली. तिसरी अर्ध्यात मोडली. चाकूची काही चूक नव्हती. डावा हात आयुष्यभर फक्त काडी धरायला शिकला होता.

त्यांनी चाकू मिटून बाकावर ठेवला. अगदी हळू, आवाज न करता.

“चाकू चांगला आहे. फार चांगला आहे. हात शिकायला वर्ष जाईल. झाड काही थांबायचं नाही.” फडक्यात उरलेल्या काड्या त्यांनी बोटांनी चाचपल्या. “तू काप.”

“मी? माझा हात कलमाचा नाही.”

हसत म्हणाली ती. पण बाबांनी मान वर केली.

“कोण म्हणालं?”

“तुम्हीच.”

अंगणातून इन्स्पेक्टरचा हसण्याचा आवाज आला, आणि चेंडू पत्र्यावर आपटल्याचा. बाबांनी एक काडी निवडून पुढे केली.

ती बाकावर बसली. उजव्या हातात काडी, डाव्या हातात चाकू. सपाट बाजू सालीला टेकली तेव्हाच तिला कळलं. मेणात पातं उतरताना कळायचं तसंच, हे जाणार होतं, सरळ, एका दमात. बाबांच्या पायऱ्या पडलेल्या काड्या तिच्या गुडघ्याशीच पडल्या होत्या. तिने पातं ओढायला सुरुवात केली आणि मधेच थांबवलं. जरा कोन बदलला. पुन्हा थांबवलं. काप संपवून तिने काडी बाबांकडे दिली.

“बघा. सांगितलं ना.”

बाबांनी काडी उजेडात धरली. त्यावरून अंगठा फिरवला, मग उलट बाजूने फिरवला.

“ही तू मुद्दाम केलीस.”

“काहीतरीच काय बाबा.”

“तुझी लाट मला ठाऊक आहे. टोपल्या भरून बघितलीय. ती ही नाही.” त्यांनी काडी खाली ठेवली. “काड्या थोड्या उरल्यात. माझी समजूत घालण्यात घालवू नकोस. नीट काप.”

तिने दुसरी काडी घेतली. पातं ठेवलं आणि ओढलं. पातळ साल वळून तिच्या मांडीवर पडली. काप ओला होता आणि काचेच्या तुकड्यासारखा चमकत होता. तिने कुंडीतला खुंटही तसाच कापला. बाबांनी काडी खुंटावर टेकवून, डोळा बारीक करून बघितली. दोघांच्या मधून उजेड येत नव्हता.

मग काडी फडक्यावर ठेवून त्यांनी खिशात हात घातला आणि त्यांचा जुना चाकू काढला. मूठ झिजून त्यांच्या बोटांच्या आकाराची झाली होती. 

“आता याने. तशीच, डाव्या हाताने. चांगली काडी नको, ढिगातली घे.”

“कशाला, बाबा?”

“घे तर.”

तिने ढिगातली एक उचलली आणि कापली. या वेळी तिने काही केलं नाही; पातं आपणच घुसलं, वर आलं, पुन्हा घुसलं. बाबांनी तिच्या हातून काडी घेतली. अंगठा फिरवला. लाटेवरून खाली, लाटेवरून वर.

“ही ती,” ते म्हणाले.

तिने खाली बघितलं आणि मांडीवरची साल उचलून बोटाभोवती गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. ती लाटेची काडी बाबांनी टोपलीत टाकली नाही. शर्टाच्या खिशात ठेवली, जुन्या चाकूच्या शेजारी.

“पट्टी घे. वाळेल नाहीतर.”

त्यांनी जोड धरला. डाव्या हाताने काडी खुंटावर बसवली आणि मग उजवा हात आणून त्यावर ठेवला. ती बोटं काही दाबू शकत नव्हती, पण हलतही नव्हती. तिने त्यांच्या बोटांखालून पट्टी घातली आणि गुंडाळायला लागली. एक वेढा बसला की बाबा एक बोट उचलत. कुठे ताणायचं, कुठे सैल सोडायचं, ते न सांगताच कळत होतं. शेवटचा वेढा झाला आणि तिचा हात थांबला.

वेढे उलटे पडले होते. बाकी सगळ्या कुंड्यांच्या पट्ट्या एकीकडे आणि ही एकटी दुसरीकडे. लहानपणी याच पट्टीवरून तिचं कलम लांबूनच ओळखू यायचं.

“थांबा, सोडून पुन्हा बांधते. सुलट्या बाजूने.”

बाबांचा उजवा हात अजून पट्टीवरच होता. तो त्यांनी तिथून काढला नाही.

“राहू दे,” ते म्हणाले. “कुणाचं आहे ते कळायला नको?”

त्यांनी कुंडी पायाने पुढे सरकवली आणि फडक्यातली पुढची काडी तिच्यासमोर धरली. दाराशी चेंडू गडगडत आला आणि त्याच्या मागून इन्स्पेक्टर आत शिरल्या. बाकाखालच्या सगळ्या काड्यांची त्यांना आता तपासणी करायची होती. 

“आजोबांच्या आहेत त्या,” बाबा नातीला म्हणाले, “घे हव्या तेवढ्या. आईच्यांना हात लावायचा नाही.”